उभ्या राहिलेल्या मोटारसायकली

मोटारसायकलीच्या इतिहासाचे आपल्याकडे जे थोडेबहुत लेखन झाले आहे, ते जवळजवळ सर्वच चालत्या मोटारसायकलीचे आहे. कारखाना कोणी काढला, कोणत्या साली कोणता नमुना बाजारात आला, कोणाचा खप वाढला आणि कोणाचे दिवाळे निघाले, एवढे सांगून ते संपते. परंतु पुण्याच्या पेठांतील वाड्यांचे बोळ, कोल्हापूर-सांगलीकडील मळ्यांतले गोठे आणि गोव्यातील जुन्या घरांच्या मागच्या पडव्या ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिल्या आहेत, त्याला हे ठाऊक असते की या यंत्राच्या आयुष्याचा फार मोठा भाग नुसते उभे राहण्यात गेलेला आहे, आणि यंत्र बनविणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या व्यवसायाशेजारीच, उभे राहिलेले यंत्र पुन्हा धड चालते करणाऱ्याचा एक तिसरा व्यवसाय येथे रुजलेला आहे, ज्याची सनद कोणी दिली नाही आणि ज्याचे दप्तर कोणी ठेवले नाही. माझे म्हणणे आरंभीच मांडतो. गाडी मालकाच्या आळसामुळे उभी राहते हा समज अपुरा आहे. आपल्याकडे गाड्या ज्या ज्या वेळी मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या, त्या त्या वेळी त्यांच्या मागे युद्ध, तुटवडा, परवाना किंवा इंधनाविषयीचा एखादा सरकारी निर्णय होता. आणि मेस्त्रीची विद्या या निर्णयांच्या परिणामांशी झगडतच घडत गेली.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या यंत्राचे आपल्या मुलखातील स्थान अगदी मर्यादित होते. बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री किंवा रेडिच येथे तयार होऊन आगबोटीने मुंबईच्या गोदीत उतरलेली मोटारसायकल लष्करी अंमलदार, संस्थानी दरबारातील हौशी मंडळी, एखादा सुखवस्तू डॉक्टर किंवा कंत्राटदार यांच्यापलीकडे क्वचितच जाई, आणि ती नादुरुस्त झाली तर दुरुस्तीचा अर्थ विलायतेहून आलेला नवा भाग जुन्याच्या जागी बसविणे एवढाच होता. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. पुढल्याच वर्षी मलायाचा पाडाव झाल्यावर रबर दुर्मीळ झाले आणि टायर मिळेनासे झाले. बसगाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या आणि खाजगी मोटारसायकली कुपनांअभावी घरोघर भिंतीला टेकल्या. या देशातले गाड्यांचे पहिले मोठे उभे राहणे ते हेच. पण ज्या युद्धाने खाजगी गाड्या उभ्या केल्या, त्याच युद्धाने खडकी, देवळाली आणि अहमदनगर येथील लष्करी छावण्यांत बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६-एच आणि मॅचलेस जी-३एल अशा संदेशवाहकांच्या मोटारसायकली आणून सोडल्या, आणि त्यांची निगा राखण्यासाठी हजारो हिंदी तरुणांना पाना हातात धरायला शिकविले. यंत्रदुरुस्तीचा स्वतंत्र लष्करी विभाग १९४३ साली उभा राहिला. युद्ध संपताना हिंदी सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती, आणि सैन्यातून मुक्त झालेल्यांपैकी ज्यांच्या हाती कारागिरी होती, त्यांतील काहींनी गावी परत येऊन रस्त्याच्या कडेला स्वतःचे गॅरेज थाटले.

युद्धोत्तर डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराला नको झालेल्या मालाच्या, लिलावांत विकल्या गेलेल्या मोटारसायकली या मंडळींच्या पहिल्या पाठ्यपुस्तकासारख्या ठरल्या. लिलावाची वाट पाहत उघड्यावर पडून राहिलेली, पावसाने गंजलेली, कोठे चाक नाही तर कोठे मॅग्नेटो नाही अशी ही यंत्रे स्वस्तात मिळत, आणि तीन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करणे हाच त्यांच्या दुरुस्तीचा राजमार्ग होता. सुदैवाने एम-२० आणि १६-एच यांची सुमारे पाचशे सी.सी.ची साइड-व्हॉल्व्ह इंजिने मोठी सोशिक होती. त्यांचा दाब कमी, त्यांची गती मंद, आणि त्यांची रचना अशी सरळ की सिलिंडर-हेड उतरविले म्हणजे पिस्टनचा माथा आणि दोन्ही व्हॉल्व्ह शिकणाऱ्याच्या नजरेसमोर येत. या यंत्रांवर हात बसलेला माणूस पुढे कोणत्याही यंत्राला भ्यायला नाही.

व्यवसायाचा दुसरा झरा मात्र लष्करी छावणीतून निघालेला नाही, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना निघाला. त्यानंतरच्या दोन दशकांत कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील उसाच्या मळ्यांत विहिरीवरील मोटेची जागा हळूहळू ऑईल इंजिनाने घेतली. हे इंजिन दर वर्षी उभे राहत असे. मृग बरसला, विहिरी भरल्या, शेताला पाण्याची गरज उरली नाही, की ज्येष्ठापासून दसरा-दिवाळीपर्यंत ते दमट खोपटात निश्चल पडून राही, आणि रब्बीच्या तोंडावर ते एका दिवसात सुरू झाले नाही तर पीक वाळण्याची भीती असे. चार महिन्यांच्या ओलाव्यात इंजिनाच्या आत काय घडते, चिकटलेला पिस्टन न मोडता कसा सोडवावा, नळीत साचलेला गाळ कोठे अडकतो, हे ज्ञान खेडोपाडीच्या फिटरला अशा रीतीने वर्षातून एकदा सक्तीने उजळावे लागे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ आणि ओतशाळा वाढल्या त्या प्रामुख्याने याच इंजिनांच्या सुट्या भागांच्या आधारावर. पुढे मोटारसायकल जेव्हा शेतकऱ्याच्या दारी आली, तेव्हा तिला पहिला हात लागला तो बहुधा या विहिरीवरच्या फिटरचा.

दरम्यान दिल्लीत जे निर्णय होत होते त्यांनी या कारागिरांचे महत्त्व एकाएकी वाढविले. मोटारी केवळ जुळवून विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथेच उत्पादनाचा कार्यक्रम हाती घ्यावा, नाहीतर निघून जावे, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली. शिवडी येथे १९२८ पासून चालू असलेला जनरल मोटर्सचा कारखाना त्यानंतर बंद झाला. आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी परकीय चलनाची जी भयंकर टंचाई उद्भवली तिने आयात मालाचा दरवाजा जवळजवळ लावून घेतला. ज्यांच्याकडे विलायती मोटारसायकल होती त्यांना आता भाग मिळेना. झिजलेला बुश पितळेचा गोळा कातून बनवायचा, एका गाडीचा पिस्टन लेथवर उतरवून दुसऱ्या गाडीत बसवायचा, गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापायची, आणि एवढे करूनही जमले नाही तर गाडी झाकून ठेवून एखादी तशीच गाडी मोडीत निघण्याची वाट पाहायची: हा तेव्हाचा क्रम होता. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार ही या वाट पाहणाऱ्यांची तीर्थक्षेत्रे झाली. त्या काळी उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या टाकून दिलेल्या नव्हत्या. एखाद्या भागाच्या प्रतीक्षेत त्या थांबल्या होत्या, आणि त्यांचे मालक ती प्रतीक्षा अनेक वर्षे करू शकत, कारण दुसरी गाडी मिळण्याची प्रतीक्षा त्याहूनही लांबणार हे त्यांना माहीत होते.

देशी मोटारसायकल याच टंचाईच्या पोटी जन्मली. मद्रासेत १९५५ पासून एन्फिल्ड बुलेट जुळू लागली, एस्कॉर्ट्सने १९६२ साली पोलिश यंत्राच्या आधारे राजदूत काढली, आणि या दोहोंच्या मधल्या काळात, १९६१ साली, म्हैसूरला आयडियल जावा कंपनीचा कारखाना सुरू झाला, ज्याचे उद्घाटन त्या राज्याचे राज्यपाल असलेले जयचामराज वडियार यांनी केले होते. रुस्तम इराणी आणि फारोख इराणी यांनी उभारलेल्या या कारखान्याने चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या अडीचशे सी.सी.च्या टू-स्ट्रोक यंत्राचा परवाना मिळविला होता, आणि ती मूळ कंपनीही फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली स्थापन केलेली, जर्मन अंमलाच्या काळात गुप्तपणे पुढच्या यंत्राचे आराखडे करीत राहिलेली, अशी मोठी जिद्दीची होती. म्हैसूरहून निघालेली ही गाडी १९७३ नंतर येझदी या नावाने ओळखली गेली. बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे या पट्ट्यात तिचा जो प्रसार झाला तो मी केवळ जवळिकीचा परिणाम मानत नाही. दुधाचे कॅन, पशुखाद्याची पोती आणि घरातली तीन माणसे घेऊन ओढ्याच्या वाळूतून निघणारी ती गाडी होती. तिच्या एका सिलिंडराला दोन सायलेन्सर होते. तिचा गिअरचा आणि किकचा दांडा एकच होता, जो आत दाबून वर फिरविला म्हणजे किक होई. आणि गिअर बदलताना तोच दांडा क्लचही आपोआप सोडवीत असल्यामुळे हाताचा क्लच न दाबताही ती चालविता येई.

तिच्या उभे राहण्याची कारणे दोन टप्प्यांनी आली. १९७३ आणि १९७९ या दोन्ही तेलसंकटांनी पेट्रोल महागले आणि टू-स्ट्रोक अडीचशेची तहान मालकाला जाणवू लागली. मग १९८४ पासून जपानी कंपन्यांच्या भागीदारीतील शंभर सी.सी.च्या गाड्या येऊ लागल्या, आणि १९८५ साली आलेल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक यंत्राने तर थोड्या पेट्रोलात दूरचा पल्ला गाठण्याची सवय साऱ्या देशाला लावली. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. धुराविषयीचे नियम १९९६ आणि २००० साली कडक होत गेले आणि मोठी टू-स्ट्रोक मोटारसायकल नव्याने काढण्यात कोणालाच स्वारस्य उरले नाही. ज्या घरात नवी शंभर सी.सी. आली त्या घरातली येझदी गोठ्यात गेली. ती विकली गेली नाही, कारण तिला किंमत उरली नव्हती, आणि मोडीत गेली नाही, कारण ती वडिलांची होती. आपल्या मुलखातील दुसरे मोठे उभे राहणे ते हे, आणि आज जे मेस्त्री उभ्या गाड्या चालत्या करण्यासाठी नावाजलेले आहेत त्यांची विद्या मुख्यतः याच गाड्यांवर पक्की झालेली आहे.

या विद्येचे स्वरूप नीट समजण्यासाठी उभ्या गाडीच्या आत काय घडते हे पाहिले पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी नसते. लिटरमागे सुमारे चाळीस मिलिलिटर या बेताने पेट्रोलात मिसळलेले तेल जेवढे क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचेल तेवढेच त्यांचे वंगण. गाडी थांबली की ते ओघळून जाते, आणि पावसाळ्यातील दमट हवा उघड्या राहिलेल्या वाटेने आत शिरून बेअरिंगच्या गोळ्यांवर व सिलिंडराच्या भिंतीवर गंजाचे बारीक ठिपके उठविते. पिस्टनच्या रिंगा ज्या ठिकाणी थांबल्या त्याच ठिकाणी भिंतीला धरतात. कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोलाचा हलका अंश उडून जातो आणि मागे जो चिकट तपकिरी थर उरतो तो जेटच्या केसाएवढ्या छिद्रांत घट्ट बसतो. टाकीत पेट्रोल जेथपर्यंत होते त्याच्या वरच्या बाजूला गंज चढतो, म्हणून अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा लवकर नासते. बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशीसारखी पुटे चढतात, पॉइंटच्या टोकांवर विजेला अडविणारा पातळ थर येतो, क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात, ब्रेकच्या ड्रमला आतून गंज धरतो, आणि वायरींचे काम उंदीर पुरे करतात.

यावर अनाडी माणसाचा पहिला उपाय म्हणजे किकवर उभे राहून जोर करणे, आणि बऱ्या होण्याजोग्या कितीतरी गाड्या याच एका उपायाने कायमच्या गेल्या आहेत. कारण धरलेल्या पिस्टनवर बळ केले की रिंग मोडते, आणि मोडलेल्या रिंगेचा तुकडा सिलिंडराच्या भिंतीला चरा पाडतो. जाणता मेस्त्री आधी प्लग काढतो. त्या छिद्रातून रॉकेल आणि इंजिन ऑईल यांचे मिश्रण ओततो आणि गाडीला दोन-चार दिवस, वेळ पडल्यास त्याहून अधिक, हातही लावत नाही. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचे चाक दोन्ही हातांनी धरून अगदी हलके मागे-पुढे हेलकावतो, म्हणजे बळ क्रँकपर्यंत पोहोचते पण ते फार थोडे पोहोचते, आणि पिस्टन तसूभर हलला तर त्या दिवशी तेवढ्यावरच थांबतो. मी अशा कामाच्या वेळी जवळ बसलेलो आहे, आणि त्या वेळी गॅरेजात ज्या शांततेने काम चालते तिच्याविषयी मला अत्यंत आदर वाटतो. दरम्यान टाकीत रॉकेल आणि मूठभर लहान नट किंवा जुन्या चेनचा तुकडा टाकून ती तास-दोन तास हलविली जाते. कार्बोरेटर पूर्ण खोलून त्याचे प्रत्येक छिद्र हवेने मोकळे केले जाते, कारण जेटमध्ये तार खुपसली तर छिद्र मोठे होऊन त्याचे मूळ माप कायमचे हरवते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून फिलर गेजने त्यांचे अंतर बसविले जाते. आणि कंडेन्सर मात्र जुना ठेवीत नाहीत.

एवढे झाल्यावर गाडी बहुधा सुरू होते, निळ्या धुराचा लोट उठतो, आणि बघ्यांना वाटते काम झाले. खरे काम येथून पुढे आहे. गाडी सुरू होणे आणि गाडी धड चालणे यांतील अंतर ओळखणे हेच या व्यवसायाचे सार आहे, आणि जावा-येझदीच्या बाबतीत ते अंतर क्रँकच्या दोन टोकांच्या ऑईल सीलमध्ये दडलेले असते. टू-स्ट्रोक यंत्राची क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण सिलिंडरात चढविण्यापूर्वी ती ते दाबून ठेवते. वर्षानुवर्षे उभे राहून सीलचे रबर वाळले की डाव्या बाजूने चेन-केसमधील गिअर ऑईल आत ओढले जाते, धूर थांबतच नाही आणि गिअर ऑईल मात्र घटत राहते. उजव्या, डायनॅमोच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, यंत्र सुरुवातीला उलट अधिक चपळ भासते, आणि मालक आनंदाने चार मैल दूर गेला की तापून पिस्टन पुन्हा धरतो. म्हणून चांगला मेस्त्री सील बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ देत नाही, जरी त्यासाठी इंजिन पूर्ण उतरवावे लागले आणि गिऱ्हाईक खर्चासाठी कुरकुरले तरी. त्यानंतर कार्बनने भरलेले दोन्ही सायलेन्सर आतून मोकळे करणे, हाताचा क्लच आणि गिअरच्या दांड्याने चालणारा क्लच या दोहोंचा मेळ बसविणे, सहा व्होल्टच्या डायनॅमोचे कार्बन ब्रश पाहणे ही कामे येतात. आणि शेवटी काही मैल चालवून आणल्यावर प्लग काढून त्याचा रंग पाहतात. तो काळा आणि तेलकट असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त, आणि बदामी असेल तरच गाडी मालकाच्या स्वाधीन करण्याजोगी.

बुलेटची गोष्ट निराळी आहे आणि ती थोडक्यात आटोपते. फोर-स्ट्रोक असल्यामुळे तिच्यापाशी स्वतःचे तेल असते, पण दीर्घकाळ उभी राहिली की हे तेल हळूहळू क्रँकच्या कप्प्यात उतरून साचते, आणि तसेच सुरू केल्यास सारा बोळ धुराने भरतो. म्हणून ते आधी काढून टाकावे लागते. तिची किक मारण्यापूर्वी अँपमीटरच्या काट्याकडे पाहत, डिकॉम्प्रेसर दाबून, पिस्टन योग्य जागी आणण्याची जी रीत होती, ती मद्रासहून निघालेल्या जुन्या लोखंडी इंजिनाच्या हजारो मालकांना मुखोद्गत होती. गोव्यातील प्रवासी वाहून नेणाऱ्या मोटारसायकल-पायलटांच्या ताफ्यात या जड, सोशिक यंत्रांनी जे कष्ट काढले आहेत त्यांची नोंद कधीतरी स्वतंत्रपणे व्हायला हवी.

यंत्राइतकाच गंज कागदांनाही चढतो, आणि या बाबतीत मेस्त्रीला काही करता येत नाही. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने अशी मुभा ठेवली होती की गाडी वापरात राहणार नाही अशी आगाऊ सूचना मालकाने कचेरीत रुजू केली तर त्या मुदतीचा कर त्याला माफ व्हावा. म्हणजे गाडीचे उभे राहणे ही तेव्हा कायद्याला ज्ञात असलेली, दप्तरात नोंदली जाणारी अवस्था होती. मोटारसायकलींना एकरकमी कर लागू झाल्यावर ही नोंद मागे पडली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांपुरती वैध असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. गोठ्यात उभ्या असलेल्या गाडीची ही मुदत कधीच टळून गेलेली असते. त्यात मालक बहुधा हयात नसतो. मग वारसाच्या नावे गाडी करण्यासाठी एकतीस नंबरचा नमुना, नूतनीकरणासाठी पंचविसाचा, गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर अठ्ठाविसाचा ना-हरकत दाखला, जुन्या कराची व दंडाची बेरीज, आणि चेसिसवरील आकड्यावर कागद ठेवून पेन्सिलीने उमटविलेला ठसा. हा आकडा गंजाने खाल्लेला असेल तर सारे अडते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची निराळी तजवीज केली खरी. पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालविता येत नाही, आणि ज्याला वडिलांची येझदी घेऊन रोज मळ्यावर जायचे आहे त्याला ती तजवीज उपयोगाची नाही. या मालकाचा विचार कायद्याने करायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या गाड्यांची आवड वाढली. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन साजरा करण्यासाठी पुण्या-बंगळुरात शेकडो गाड्या एकत्र येऊ लागल्या. २०१८ साली जावा हे नाव आणि २०२२ साली येझदी हे नाव नव्या यंत्रांवर पुन्हा अवतरले. आणि ज्या गाड्या भंगारवाला वजनावर नेत होता त्यांच्या किमती नव्या गाडीशी स्पर्धा करू लागल्या. या आवडीचा एक परिणाम चांगला झाला, की वृद्ध मेस्त्रींच्या हाताला पुन्हा काम मिळाले. दुसरा वाईट झाला. मूळ भाग संपले, आणि त्यांच्या नावाने जे नकली भाग बाजारात आले त्यांतील सीलचे रबर कच्चे, पिस्टनचा धातू मऊ आणि पॉइंटची टोके दोन महिन्यांत जळणारी निघाली. नीट जुळविलेली गाडी निकृष्ट भागामुळे पुन्हा उभी राहते तेव्हा दोष मेस्त्रीच्या माथी येतो, ही गोष्ट मला फार लागते. म्हणूनच अनुभवी माणसे मूळ गाडीचा झिजलेला परंतु चांगल्या धातूचा भाग फेकून न देता लेथवर दुरुस्त करून वापरणे पसंत करतात. आयातबंदीच्या काळातील विद्या अशा रीतीने पुन्हा कामास आली आहे.

आणि आता तिसरे उभे राहणे आपल्यासमोर घडत आहे, ज्याचे मूळ आपल्याच उसाच्या फडात आहे. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे आरंभीचे प्रयोग २००१ साली मिरज आणि मनमाड येथे झाले. २००३ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ साली देशाने दहा टक्क्यांची मजल गाठली आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. ऊस-उत्पादकाच्या हिताचा आणि परकीय चलन वाचविण्याचा हा निर्णय मी अनुचित मानत नाही. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पुरेसे पाणी शोषले गेले की ते पाण्यासह पेट्रोलापासून फुटून टाकीच्या तळाशी बसते, म्हणजे नेमके जेथून कॉक पेट्रोल ओढतो तेथे. पूर्वी गंज पेट्रोलाच्या पातळीच्या वर चढे. आता तो तळापासून सुरू होतो. जुन्या गाडीतील रबराच्या नळ्या आणि वॉशर फुगतात, कार्बोरेटरच्या आतल्या धातूवर पांढरी भुकटी जमते, गंजलेल्या टाकीला आतून दिलेला लेप सुटून कॉकमध्ये अडकतो. दोन वर्षांत जी हानी होत असे ती आता एका पावसाळ्यात होते, असे मी ज्यांच्याशी बोललो त्या कोल्हापूर-पुण्याच्या मेस्त्रींचे एकमुखी म्हणणे आहे.

त्यांनी आपल्या रीतीत त्याप्रमाणे बदलही केला आहे. पूर्वी टाकी काठोकाठ भरून गाडी उभी करावी असा सल्ला ते देत. आता ते आषाढ लागण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करायला सांगतात, आत थोडे टू-टी ऑईल घालून टाकी फिरवून घेतात म्हणजे पत्र्याला तेलाचा हात लागतो, कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतात आणि ते आपोआप बंद पडू देतात, प्लगच्या छिद्रातून दोन चमचे तेल सोडून किक हाताने सावकाश फिरवितात, दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडांत तेलकट चिंध्या कोंबतात, बॅटरी काढून घरात नेतात, आणि श्रावण सरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी मागचे चाक अर्धा फेरा हलवून ठेवण्याची ताकीद मालकाला देतात.